एका कानाला ऐकू येणारं छत

आमच्या घरात ‘ऐकू येतंय का?’ असं कुणी विचारत नाही. आमच्याकडे विचारतात, ‘कुठून ऐकू येतंय?’ बाबा लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देतात, त्यामुळे आमच्याकडे आवाजाला सुद्धा पत्ता लागतो. भिंतीत वायरी घालणं, छताला भोकं पाडणं, सोफा भिंतीला चिकटवायचा नाही यावरून त्या घरातल्या लोकांशी गोड आवाजात भांडणं, हे सगळं बाबांचं काम. पण काम झालं असं म्हणायचा हक्क बाबांचा नव्हता. तो होता आत्याचा.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याबरोबरच राहते आणि बाबांना अजूनही ‘गाढवा’ म्हणते. सगळं बसवून झालं की ती सोफ्याच्या मधोमध बसायची आणि डोळे मिटायची. मग प्रत्येक स्पीकरमधून एकेक करून ‘श्श्श’ असा आवाज सोडायचा. आत्या मान जराही न हलवता सांगायची, “मागचा डावा दबलाय. सोफ्याची पाठ आडवी येतेय.” किंवा, “समोरचा उजवा पडद्याआड तोंड लपवतोय.” आम्ही याला शेवटचं ऐकणं म्हणायचो. तिने मान डोलावल्याशिवाय बाबा हत्यारं पेटीत भरत नसत.

आणि मग एके दिवशी सकाळी आत्या उठली आणि तिचा डावा कान बंद झाला होता. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसता बंद. कानाच्या डॉक्टरांनी खूप तपासण्या केल्या, औषधं दिली, आणि शेवटी सांगितलं की आतली नस गेली आहे, आता ते ऐकणं परत यायचं नाही.

आत्या रडलीबिडली नाही. तिने फक्त बाबांच्या गाडीत बसणं बंद केलं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ‘ताईंना बरं नाही’ असं सांगायचं, कानाचं नाव काढायचं नाही, असा तिचा हुकूम होता. चौकातल्या कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर कुणीतरी हवं होतं, तिथे ती बोलून आली. एक तारखेपासून पाकिटं तोलणार आणि शिक्के मारणार. “तिथे एक कान पुरतो,” म्हणाली.

मला हे अजिबात म्हणजे अजिबात पसंत नव्हतं. गेल्या वर्षीची मी असते तर गप्प बसले असते. पण यंदा मी वर्गात हात वर करायला लागले आहे आणि तो आता खाली यायचं नाव घेत नाही. बाबा मला ‘भोंगा’ म्हणतात. मी ते कौतुक समजते.

बाबांनी आपल्या परीने प्रयत्न केला, पण आवाजाच्या धंद्यातला माणूसच करू शकेल असा घोटाळा करून ठेवला. आमच्या हॉलमध्येही चांगले छतापर्यंत स्पीकर आहेत. बाबांनी विचार केला, ताईला उजवीकडूनच ऐकू येतं ना, मग सगळं उजवीकडे पाठवू. त्यांनी रिसीव्हर उघडून, म्हणजे ज्या डब्यातून सगळ्या स्पीकरना आवाज वाटला जातो त्याच्या सेटिंगमध्ये शिरून, डावीकडचं सगळं उजवीकडे ओतलं. वर उजव्यांचा आवाज वाढवला. मोठ्या हौसेने आत्याला बसवलं आणि सिनेमा लावला.

आत्या जेमतेम पहिल्या गाण्यापर्यंत बसली आणि उठली.

“काय झालं ताई? कमी येतंय का?”

“कमी? अरे गाढवा, सगळं गाव एकाच खिडकीतून डोकं घालून एकदम बोलतंय. माझी खिडकी मोडेल.”

बाबांचं तोंड बघवेना. आत्या खोलीत निघून गेली आणि बाबांनी मुकाट्याने सेटिंग होतं तसं केलं.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, घरातल्या एखाद्या गोष्टीवर प्रयोग करा, पण अट एकच. सुरू करताना तुम्हाला उत्तर माहीत असता कामा नये. वर्गातल्या निम्म्या लोकांनी बर्फ किती वेळात वितळतो हे घेतलं. मी घेतलं: कुठल्या प्रकारचा आवाज एका कानाला सगळ्यात जास्त कळतो?

डाव्या कानात मेणाचा बोळा घातला आणि त्यावर बाबा ड्रिल मारताना घालतात त्या कानझाकणीची एक वाटी बांधली. आरशात बघितलं तर मी अर्धवट विमान चालवणारी दिसत होते. मग एकच तुकडा सगळ्या प्रकारांत ऐकायला घेतला. बाबांकडे गिऱ्हाइकांना दाखवायचा एक नमुना आहे, त्यात एक पाखरू पंख फडफडवत खोलीभर फिरतं. सगळे प्रकार आधी मीटर लावून सारख्या आवाजावर आणले, कारण बाबांनी मला पहिली गोष्ट हीच शिकवली आहे. दोन प्रकारांतला जो जरा मोठ्याने वाजेल तोच माणसाला चांगला वाटतो. कितीतरी भांडणं नुसत्या या एका कारणाने होतात, असं बाबा म्हणतात.

स्टिरिओ, म्हणजे समोरचे फक्त दोन स्पीकर. एका कानाने ऐकलं तर पाखरू उजव्या भिंतीला जाऊन चिकटलं आणि तिथेच फडफडत राहिलं.

फाइव्ह पॉइंट वन म्हणजे समोर तीन, बाजूला दोन आणि तो ‘पॉइंट वन’ म्हणजे धडामधुडूम करणारा सबवूफर. यात डॉल्बी आणि डीटीएस अशी दोन घराणी आहेत, आणि त्यांतलं श्रेष्ठ कोण यावरून बाबा आणि त्यांचे मित्र चहाचं सरबत होईपर्यंत वाद घालू शकतात. माझ्या उजव्या कानाने दोन्ही घराण्यांना सारखंच वागवलं. पाखरू भिंतीलाच. सेव्हन पॉइंट वनमध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकर वाढतात. पाखरू अजून भिंतीलाच, फक्त आता ते जास्त वैतागलेलं वाटत होतं.

राहिला डॉल्बीचा ॲटमॉस. डीटीएसवाल्यांचाही याच्यासारखा प्रकार आहे. आधीच्या सगळ्यांत आवाज स्पीकरच्या नावाने वाटून दिलेला असतो, हे डाव्याचं, हे उजव्याचं. यात आवाजाला जागा दिलेली असते. पाखरू या क्षणी खोलीत अमुक ठिकाणी आहे, आता तुमच्याकडे जे कोण स्पीकर असतील त्यांनी ते आपसांत बघून घ्या! आणि त्यात छतातलेही स्पीकर आले.

मी डोळे मिटले. पाखरू नेहमीप्रमाणे उजव्या भिंतीला चिकटलं. फडफड फडफड. आणि मग ते वर गेलं.

वर! छताला! एका कानाने!

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. “काय झालं? शॉक लागला?”

“आई, पाखरू वर गेलं!”

आईने छताकडे बघितलं, माझ्या डोक्यावरच्या वाटीकडे बघितलं आणि परत गेली. तिने या घरात लग्न करून खूप काही सोसलं आहे.

आता मला चैन पडेना. डावं-उजवं कळायला दोन कान लागतात, हे बरोबर. कुठल्या कानाला आधी आणि जास्त ऐकू आलं, हे डोकं ताडून बघतं. मग वर-खाली कसं कळतं? दोन्ही कान तर एकाच उंचीवर आहेत! मी सबवूफरसारखा जाडा दणदणाट छतातल्या स्पीकरमधून सोडून बघितला, तो वर जाईना. ‘श्श्श’ आणि फडफड मात्र जात होती. मग सहज म्हणून कानाचं पान चिकटपट्टीने डोक्याला सपाट चिकटवलं, आणि पाखरू धपकन खाली आलं. पट्टी काढली, पुन्हा वर. लावली, खाली. शेवटी बाईंना विचारलं तेव्हा त्या खुश होऊन म्हणाल्या, कानाला ज्या घड्या असतात ना, त्यांवर आपटून बारीक, धारदार आवाज जरासा बदलतो. वरून आला तर एका तऱ्हेने, समोरून आला तर दुसऱ्या. लहानपणापासून डोकं हे शिकत असतं. आणि ते काम पुष्कळसं एकेका कानाला आपापलं जमतं.

इतकी वर्षं मला वाटायचं की कानाच्या घड्या डूल शोभून दिसावेत म्हणून आहेत.

मी धावत आत्याच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

“झालं? आता श्वास घे.”

“आत्या, तुला छत ऐकू येईल! चल ना हॉलमध्ये.”

“तुझा बोळा काढला की तुझा कान परत येतो. माझा येत नाही. दोन्ही एक नाही.” तिने उशीचा अभ्रा झटकला. “आणि मला प्रयोगाचा उंदीर करू नकोस.”

“नाही करत. पण मग बाबांचं शेवटचं ऐकणं आता कोण करणार?”

“तो मशीनचा माइक आहे की. सोफ्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, कुठला स्पीकर किती लांब, कुठला किती जोरात, सगळं रिसीव्हर आपलं आपण लावतो. माझी गरज काय?”

“त्या माइकला तरी कुठे दोन कान आहेत?”

हे मी ठरवून नाही म्हटलं. तोंडातून गेलं. आत्याच्या हातातला अभ्रा तसाच राहिला.

“काय म्हणालीस?”

“माइक एकच आहे ना. एकाच कानाने एकेका स्पीकरचं ऐकतो. आणि त्याला सगळे खरं मानतात. तू म्हटलंस तर मात्र एक कान कमी पडतो.”

आत्याने अभ्रा खाली ठेवला. “लाव ते तुझं पाखरू.”

ती नेहमीच्या जागी बसली, डोळे मिटून. मी काहीच बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते मलाच माहीत. पाखरू सुटलं. आत्याची हनुवटी किंचित वर झाली.

“वर गेलं,” ती हळूच म्हणाली. “वर... आणि जरा मागे. बरोबर?”

“बरोबर!”

“ओरडू नकोस, हा एकच उरलाय.”

मग मी हावरटपणा केला. डावं-उजवं लावलं. आत्याने पाची वेळा ‘उजवीकडे’ सांगितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते मघाचं तेज उतरून गेलं. “बघितलंस? हे मला नाही कळणार. आता कधीच नाही. उगाच वर चढवून बसवू नकोस मला.” आणि ती उठून गेली. एक तारीख जवळ येत होती आणि मी प्रयोग जिंकून आत्याला हरवून बसले होते.

शनिवारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या घरी बाबांनी नुकतंच मोठं काम केलं होतं, छतात चार स्पीकर वगैरे. डॉक्टर फार सभ्य माणूस, त्यामुळे त्यांची तक्रारसुद्धा माफी मागितल्यासारखी होती. छताला भोकं पाडली पण छत काही बोलत नाही हो, म्हणाले. म्हणजे बोलतं, पण मजा नाही. बाबा दोनदा जाऊन आले होते. माइक ठेवला, बटण दाबलं, सगळं ठीक आलं. रिसीव्हरवर सगळ्या स्पीकरची चिन्हं पेटलेली. काय चुकतंय ते बाबांना सापडेना आणि रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष लागेना.

“मी येते,” आत्या अचानक म्हणाली. “फक्त गाडीत बसायला. घरात बसून कंटाळा आलाय.”

बाबांनी एकदम मान खाली घालून पोळी तोडली, जणू काही ऐकलंच नाही. आमच्या घरात आनंद झाला की असं करतात.

दुसऱ्या दिवशी गाडीतच बसणारी आत्या जिना चढून आमच्या आधी दाराशी पोचली. डॉक्टरांनी दार उघडलं. “अरे वा, ताई! बरं नव्हतं म्हणे. आता ठीक ना?”

मी आणि बाबा एकमेकांकडे बघायला लागलो. ‘हो’ म्हटलं की विषय संपत होता. आत्याने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

“माझा डावा कान गेलाय, डॉक्टर,” ती म्हणाली. “पूर्ण. तरी मी ऐकून बघणार आहे. चालेल का?”

डॉक्टर सरळ तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. “इथून बोललो तर नीट येतं का?”

“इथून उत्तम येतं.”

“मग बसा ना.”

बाबांना मध्येच खोकला आला. फार वेळ आला.

आत्या सोफ्याच्या मधोमध बसली. आधी ‘श्श्श’ फिरवला. एकेक स्पीकर. तिने सगळ्यांना मान डोलावली, छतातल्या चारांनाही. “हे चारी जिथे हवेत तिथेच आहेत. तुझं काम चोख आहे.” मग ती म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही रोज जे बघता ते लावा.”

डॉक्टरांनी टीव्हीवरच्या ॲपमधून एक सिनेमा लावला. मोठं स्टेशन, गर्दी, वर काचेच्या छताखाली कबुतरं उडताहेत. आत्या डोकं कधी इकडे वळवायची, कधी थोडं वर करायची. पूर्वी ती मान हलवायची नाही. आता ती दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी बसली होती आणि तिला त्याची काही पर्वा नव्हती.

“थांबवा,” ती म्हणाली. “वर कबुतरं नाहीत.”

“पण वरून आवाज येतोय की,” डॉक्टर म्हणाले.

“येतोय. पण कसला? माणसं खाली बोलतात आणि त्यांचा घुमारा वर जातो. गर्दी खाली, तिचाच कालवा वर. कबुतर उडत नाहीये, छतभर सांडलंय. हे वरचे स्वतःचं काही बोलत नाहीत, खालच्यांचं ऐकून अंदाजाने गुणगुणताहेत.” ती बाबांकडे वळली. “हा ॲटमॉस नाहीच. रिसीव्हर मनाने छत रचतोय.”

“ताई, सगळी चिन्हं पेटलीत.”

“स्पीकरची पेटलीत. आत काय येतंय ते बघ.”

बाबांनी रिमोट घेतला, रिसीव्हरच्या माहितीच्या पानावर गेले, आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. आत येत होते फक्त दोन चॅनेल, म्हणजे नुसतं एक डावं आणि एक उजवं. टीव्ही त्या एवढ्या थोरल्या आवाजाची पातळ कढी करून पुढे पाठवत होता, आणि बिचारा रिसीव्हर त्या दोनातून अकरा स्पीकरपुरतं काहीतरी शिजवत होता. माइकला हे कधी सापडणारच नव्हतं. तो फक्त रिसीव्हरने स्वतः सोडलेला ‘श्श्श’ ऐकतो. टीव्हीकडून काय येतं ते त्याला कुणी कधी ऐकवतच नाही.

“टीव्हीचं सेटिंग कुणी लावलं होतं?” बाबांनी विचारलं.

स्पीकर बसवले त्या दिवशी बाबा शिडीवर होते आणि ‘द्या इकडे, मला सगळं येतं’ असं म्हणून एका भोंग्याने रिमोट घेतला होता.

“मी,” मी म्हणाले. खूप बारीक आवाजात.

“हिचा आवाज एवढा खाली येऊ शकतो?” आत्या म्हणाली. “बघा डॉक्टर, दोन कानांत ऐकू आला असता तरी खोटं वाटलं असतं.”

मी सेटिंगमध्ये शिरले आणि ‘पास-थ्रू’ लावलं. म्हणजे टीव्हीने मध्ये चघळायचं नाही, आलं तसं पुढे द्यायचं. डॉक्टरांनी सिनेमा मागे नेला. स्टेशन, गर्दी. आणि एक कबुतर समोरून उठलं, आमच्या डोक्यावरून फडफडत गेलं आणि पाठीमागे कुठेतरी जाऊन बसलं. गर्दी खालीच राहिली. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. एरवी ते समोरच्याचं असतं.

आत्याने डोळे उघडले नाहीत. “समोरून निघालं. डोक्यावर आलं. आता मागे.” आणि ती हसली, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच दात दिसतील इतकं.

“झालं म्हणायचं का, ताई?” बाबांनी विचारलं. त्यांनी हा प्रश्न किती दिवसांनी विचारला होता!

“नाही. डावं आणि उजवं जुळलंय का, मध्ये बोलणारा माणूस पडद्याच्या मधोमध उभा आहे का, हे माझ्याकडून होणार नाही. खोटं कशाला सांगू? ये गं, तू बस इथे. आणि तुला वाटेल ते सांगू नकोस, ऐकू येईल ते सांग.”

मी बसले. डोळे मिटले. उजवा किंचित पुढे वाटला म्हणून सांगितलं. बाबांनी टेप लावून बघितलं तर स्पीकरचा स्टँड खरोखरच सरकला होता. डॉक्टरांचं मांजर त्यावर अंग घासतं म्हणे.

परतताना गाडीत आत्याचा फोन वाजला. तिने तो उजव्या कानाला लावला. कुरिअरवाले होते, एक तारखेला किती वाजता येता म्हणून विचारत होते. मी मागच्या सीटवरून पुढे वाकले. बाबांनी गाडीचा वेग इतका कमी केला की मागचा स्कूटरवाला हॉर्न मारायला लागला.

“नाही हो, नाही जमायचं,” आत्या म्हणाली. “इकडे काम आहे. हो, कायमचं. माफ करा.”

तिने फोन पर्समध्ये टाकला. “आता चालव की नीट. का ढकलायला उतरू?”

बाबांनी गियर टाकला.

“त्या नव्या कामात,” आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ते तळ्याकाठचं घर, त्यांचं छत उतरतं आहे ना रे? एका बाजूला उंच, दुसरीकडे डोक्याला लागेल इतकं खाली?”

“हो. का?”

“मग तिथे वर म्हणजे नक्की कुठे?”

बाबांनी विचार केला. “रिसीव्हरला तर सपाट छतच माहीत असतं.”

“रिसीव्हरला राहू दे. कानाला काय वाटेल?”

“मला नाही माहीत,” बाबा म्हणाले.

“मलाही नाही,” आत्या म्हणाली, आणि तिने बाबांना गाडी तळ्याच्या रस्त्याला वळवायला सांगितली. भोकं पाडायच्या आधी तिला ते छत बघायचं होतं.